एक वीट लावायची नाही

वैनी, मला तुझी भीती वाटते.

हे अजून कुणाला बोलले नाही. ह्यांना सांगितलं तर चिडतील, आणि रूपालीला सांगायची सोयच नाही, ती तुझ्या पोटची पोर. राहिलीस तू. तू असतीस तर खो खो हसून म्हणाली असतीस, "गे घाटणी, माका भितंस?" आणि मी म्हटलं असतं, तुला कोण भितंय, जा. इतकी वर्षं आपण दोघी जावा एका स्वयंपाकघरात राबलो, भांड्याला भांडं लागलं नाही असा आठवडा गेला नाही, पण भ्यायले मी तुला कधीच नाही. आता मात्र मोरीचा पडदा हलला तरी मी दिवा लावून बघते.

ही भीती घातली समोरच्या आक्कांनी. तुझ्या तेराव्याला जेवून हात धुताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाल्या, "तिचो जीव नातवंडात अडाकलो हा. रूपाली बाळाक घेवन इली काय सगळा बंद ठेव. वारो येवक देव नको." मी साताऱ्याकडची असले तरी तुमच्या मालवणी घरात राहून एवढं शिकलेय की तुमच्याकडे वारा म्हणजे नुसता वारा नसतो. बाळंतिणीला लागतो तो वारा, आणि मेलेलं माणूस अंगात येतं तेही वारंच. आक्कांनी एका शब्दात दोन्ही उरकलं. मी तोंडानं "काहीतरीच काय आक्का" म्हटलं आणि आतून गार पडले.

कारण तुझा जीव अडकायला कारण होतंच ना. रूपालीचे दिवस भरत आले होते. तू जुन्या साड्यांची दुपटी शिवून ठेवलेलीस, निगडीचा पाला वाळवून डब्यात भरलेलास, आणि जावयाला तोंडावर सांगून टाकलं होतंस, "बाळांतपण हयच. पाणी चुलीवरचा. त्येच्यात बोलणा नाय." बिचारा बोरिवलीहून पेढ्यांऐवजी हे ऐकायला आला होता. आणि मग तो खोकला. आधी साधा, मग रात्रंदिवसाचा, मग हॉस्पिटल, आणि तिथून तू परत आलीच नाहीस. नात बघायला थोडे दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलेलं, "घरात चूल आहे का?" मी हो म्हटलं. तर तू ऑक्सिजनच्या मास्कवरून माझ्याकडे डोळे वटारलेस. जीव जायची वेळ आली तरी चुलीची बाजू! डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. मी का म्हणून विचारलं नाही, मला उत्तराची भीती वाटली. आजही वाटते.

त्या चुलीवरून आपलं जन्माचं भांडण. भांडुपच्या या अख्ख्या टेकडीवर घरोघरी गॅस आलेला, तरी मागच्या पडवीत चूल पेटायची ती फक्त आपल्याकडे. अंघोळीचं पाणी चुलीवर, सुक्या बांगड्याची आमटी चुलीवर. पाहुणे पडवीत डोकावून म्हणायचे, अरे वा, अजून चूल? आणि तू अशी फुलायचीस की मला राग यायचा. मला हवा होता गॅसचा गिझर. तू म्हणायचीस, "तो बंद मोरयेत माणसां मारता." मी म्हणायची, आणि तुझी चूल काय आरती ओवाळते? त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "चुलीक ओढ आसा. ओढ आसली काय ती कोणाक मारीत नाय."

ओढ. तुझा हा शब्द मी सासरी येऊनच शिकले. माझ्या लेखी ओढ माहेरची असायची. तुझ्या लेखी धुराड्याची. धूर वर खेचला गेला तर ओढ आहे, घरात वळला तर ओढ मेली. सकाळी चूल पेटवायच्या आधी तू पेपरचा बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरायचीस. "धुराक आधी वाट दाखव, मगे तो आपणच जाता." एवढं सगळं मला शिकवलंस आणि मुख्य गोष्ट तेवढी सांगितली नाहीस. की सांगितलीस आणि मीच भांडायच्या नादात ऐकली नाही, कोण जाणे.

पडवीला भिंत घातली तेव्हाची गोष्ट आठवते? गवंडी शेवटच्या विटा लावत होता आणि तू आडवी गेलीस. चुलीच्या मागे, जमिनीलगत, एक वीट लावायची नाही म्हणालीस. गवंडी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "अगं, घुशी येतील तिथून! तू वेडी आहेस का?" तोवर मी तुला अहो-जाहो करत होते. तू कमरेवर हात ठेवलेस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आता कसा घरच्यासारखा बोललंस. आता तूच म्हण." झालं, त्या भोकापायी मी थोरल्या जावेला अरेतुरे करायला लागले. वीट काही लागली नाही. भोकाला तू मोदकपात्राची चाळण आडवी ठोकलीस, गणपतीला काढायचीस, मोदक झाले की घासूनपुसून परत तिथे. लोक हसायचे आपल्याला.

तर आता ऐक, तू गेल्यावर आम्ही काय करून ठेवलं ते.

रूपाली मुलीला घेऊन हॉस्पिटलातून थेट इथंच आली. सासू न्यायला तयार होती, गाडी घेऊन आली होती, पण ही म्हणाली, "काकी, आईनं सांगितलेलं ना." मग मी काय बोलणार? थंडीचे दिवस, म्हणून तिची खाट पडवीलगत, चुलीच्या उबेला मांडली. मी सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाट सरकवलं. डासांसाठी खिडकीच्या जाळीवर चादरही टाकली. आणि ह्यांनी, घरात तान्हं बाळ येणार, घूस येऊन चावली तर काय घ्या, म्हणून ते चुलीमागचं भोक सिमेंट आणि काचांनी पक्कं बुजवलं. मी शेजारी उभी राहून बघत होते. मला बरंच वाटलं. खरं सांगू? घुशीपेक्षा मी तुझा विचार करत होते. म्हटलं, चला, आता वैनीला यायला कुठून जागा नाही.

हे लिहितानाही मी मध्येच उठून पोरीकडे बघून आले.

पहिल्या दिवशी बाळंतिणीच्या पाण्यासाठी चूल पेटवली आणि घरभर धूर. असा धूर की पोर ठसकायला लागली. मला वाटलं, लाकडं ओली असतील. दुसऱ्या दिवशी कोरड्या करवंट्या घातल्या, तरी तेच. मग हे पत्र्यावर चढले, धुराडं ठोकून ठोकून काजळी पाडली. मी खालून आरसा धरला तर आरशात आभाळाचा गोल तुकडा स्वच्छ दिसला. म्हणजे धुराड्यात काही अडकलेलं नाही. तुझ्यासारखा पेपरचा बोळा पेटवून वाट दाखवली. थोडा वेळ धूर शहाण्यासारखा वर गेला आणि मग मागं फिरला, थेट माझ्या तोंडावर. मी तिथंच खाली बसले. म्हटलं, ही वैनीच. ही धुराला परत पाठवतेय. हिला आत यायचंय.

हसू नकोस. तू गेल्यावर त्या चुलीशी एकटीनं बसून बघ, मग कळेल.

आक्का रोज दारातून विचारायच्या, "धूर थांबलो?" मी नाही म्हटलं की मान हलवायच्या. मग मीच शक्कल काढली. धुराचा त्रास आहे ना, मग धूरच नको. लाकडं बाहेर गल्लीत जाळायची आणि नुसते लाललाल निखारे आत आणायचे. चुलीत निखारे, त्यावर पाण्याचा हंडा, आणि उरलेले निखारे शेगडीत घालून रूपालीच्या खाटेखाली, शेकायला. धुराचा मागमूस नाही! मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आक्कासुद्धा म्हणाल्या, "आता बरा झाला. शांत झाली वाटता ती."

त्या सकाळी हे कामावर गेले होते. मी, रूपाली आणि पोर, तिघीच घरात. मी हंड्यात पाला टाकत होते तर रूपाली म्हणाली, "काकी, डोकं फुटतंय गं माझं." म्हटलं बाळंतीण आहे, अशक्तपणा असणार, थोडी पड. जरा वेळानं तिला उलटी झाली. माझंही डोकं जड झालेलं, पण मी म्हटलं झोप नाही म्हणून असेल. मग ती म्हणाली, "काकी, ही बघ ना. दूधच ओढत नाही ही."

मी पोरीला उचललं. मान अशी लुळी पडली. गाल लाल, अंग गरम, चेहरा छान झोपल्यासारखा. मी तळपायाला टिचकी मारली, तरी रडली नाही. आणि वैनी, तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू शकणार नाही. मला वाटलं, तू आली आहेस. तू तिला न्यायला आली आहेस. मी मोठ्यानं ओरडले, "वैनी, सोड तिला! सोड!" रूपाली माझ्याकडे बघतच राहिली.

दाराकडे जायला उठले. भिंतीला धरून धरून गेले, कडी काढली, गोणपाट लाथेनं बाजूला केलं आणि पोरीला घेऊन तशीच गल्लीत गेले. मागून रूपाली सरपटत आली. बाहेर टेकडीवरनं खालपर्यंत थंड वारं सुटलेलं. आक्का किंचाळल्या, "गो, वारो लागात चेडवाक! भितर घे!" मी म्हटलं, "लागू दे! लागू दे वारा!" आणि पोरीला त्या वाऱ्यातच धरून उभी राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. मला तो जन्मभर पुरेल. मग तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि असं भोकाड पसरलं की समोरच्या चाळीतली माणसं बाहेर आली. मी इतकी सुंदर रड आयुष्यात ऐकली नाही. मी आणि रूपाली रस्त्यात बसून तिच्याबरोबर रडलो.

आम्हाला त्याच हॉस्पिटलात नेलं, जिथं तू गेलीस. पोरीच्या नाकाला नळी लावली. डॉक्टर दुसरा होता, पण प्रश्न तोच, "घरात चूल आहे का?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. दार उघडलं म्हणून वाचलात. मला तुझा गिझर आठवला. म्हणजे मला हवा होता तो. तो बंद मोरीत माणसं मारतो म्हणायचीस, तेच हे.

पोर बरी आहे गं. आधी हे सांगायला हवं होतं, माफ कर. बरी आहे. दोन्ही बऱ्या आहेत.

घरी आल्यावर ह्यांनी हातोडा काढला. म्हणाले, आज ही चूल ठेवत नाही. आणि बघ, इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले ते आपोआप होत होतं, तू अडवायला नव्हतीस, तर माझ्याच्यानं बघवेना. मी म्हटलं, थांबा जरा, मला हिचं एकदा काय बिघडलंय ते कळू दे. रूपालीला आणि पोरीला आक्कांकडे बसवलं. दार, खिडक्या सताड उघडल्या. शेगडी तर भंगारात गेली होती. चुलीत दोन काटक्या, एक करवंटी. पेटवली.

वैनी, धूर सुतासारखा सरळ वर गेला!

मी ह्यांना म्हटलं, दार लावा. दार लागलं, खिडक्या लागल्या, आणि धूर घुटमळला, वाकला, आत वळला. उघडा. पुन्हा सरळ वर. पुन्हा पुन्हा करून बघितलं. मग दार बोटभर किलकिलं ठेवून फटीशी उदबत्ती धरली, तर तिचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत खेचला गेला, चुलीच्या दिशेनं. चूल घरातली हवा वर ओढत होती आणि तिच्या जागी यायला आम्ही हवेला वाटच ठेवली नव्हती. बाटली तोंडाला लावून ओढत राहिलं की ती ओठाला चिकटते आणि थेंब येत नाही, तसं झालं होतं. मग त्याच धुराड्यातून हवा उलटी खाली येत होती, धुराला घेऊन. निखाऱ्यांचं विषही म्हणूनच घरात राहिलं.

आणि तेव्हा मला माझे पाय आठवले.

माझ्या बाळंतपणात मी त्याच खाटेवर, त्याच जागी होते. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईनं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि तरी पहाटे तू चूल पेटवलीस की माझ्या पायाला जमिनीलगतचं गार वारं लागायचं. मी कुरकुरायची, "वैनी, ते भोक बुजव ना, पाय गारठतात." तू चुलीत फुंकर घालत पाठमोरीच म्हणायचीस, "लागांदे गो वारो. तो तुका नाय, चुलीक आसा." मला वाटायचं, हट्टी बाई, आपली चूल तिला माझ्यापेक्षा जास्त. आईनंही गावाला जाऊन तेच सांगितलं. आणि तू? माझ्या पायावर आपली घोंगडी टाकायचीस आणि भोक तसंच ठेवायचीस. एक शब्द जास्त बोलायला तुझं काय जात होतं गं? "नाहीतर मरशील", एवढं म्हणायचं की. पण बाळंतिणीसमोर मरणाचं नाव काढायचं नाही ना, तुझा तोही नियम असणार.

मी ह्यांना सांगितलं. छिन्नी घेऊन बसले आणि स्वतःच घातलेलं सिमेंट स्वतःच फोडलं. काच लागून बोट कापलं, तरी थांबले नाहीत. भोकातून उजेड आला तेव्हा "वैनी" असं काहीतरी पुटपुटले. तुझ्या दिरानं तू गेल्यापासून पहिल्यांदा तुझं नाव घेतलं.

मोदकपात्राची चाळण शोधायला वेळ लागला. ती गणपतीच्या पेटीत निघाली, आणि तिच्या भोकांत पीठ सुकून बसलेलं. तू अशी चाळण कधी ठेवली नव्हतीस. गणपतीतच तुला दम लागत असणार, घासायलाही उभं राहवलं नसेल. कुणाला बोलली नाहीस, आम्हीही बघितलं नाही. मी ती चाळण चिंच लावून घासली, काड्यापेटीतल्या काडीनं एकेक भोक मोकळं केलं आणि ती मांडीवर घेऊन पोटभर रडले. मग तिला आणखी एक जाड जाळी बांधली, कारण घुशी काही तुझ्या नियमानं चालत नाहीत.

आता चूल पेटते तेव्हा खिडकीही उघडी असते, रूपाली आणि पोर पुढच्या खोलीत असतात आणि निखारे घरात राहत नाहीत. गिझर मी घेणारच आहे, मोरीच्या बाहेर लावून, मोकळ्यावर. त्या भांडणात मी हरलेले नाही, हे लक्षात ठेव. पोरीचा हा महिना मात्र तुझ्या शब्दाखातर चुलीवरचं पाणी.

भीती गेली असं समजू नकोस. रोज सकाळी चूल पेटवली की मी भोकाशी उदबत्ती धरते आणि तिचा धूर आत वळेपर्यंत तिथून उठत नाही. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी दहादा बोट नेते. डॉक्टरचा तो प्रश्न अजून कानात आहे, आणि तुझ्या खोकल्याचं उत्तर कुणाकडेच नाही. ही चूल तुझी होती की तुझ्या जिवावर उठलेली होती, मला कळत नाही.

आज सकाळी चूल फुरफुरली. रूपाली पुढच्या खोलीतून म्हणाली, "काकी, ऐकलंस? आई म्हणायची, चूल फुरफुरली की पाहुणा येतो." मी चुलीमागं बघितलं. चाळणीतून उजेडाचे ठिपके पडलेले, आणि पायाला तेच गार वारं. पलीकडे पोर चुटूचुटू दूध ओढत होती, मला इथवर ऐकू येत होतं.

तेवढ्यात आक्का दारात. भोकाकडे बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. "गो, ह्या उघडा ठेवलंस? तिका येवक वाट केलंस?"

मी म्हटलं, "हो आक्का. ती आल्याशिवाय चूल ओढत नाही."

तर ये, वैनी. भितेय मी, तरी सांगतेय, ये. फक्त हळू ये, पोर आत्ताच झोपलीय.